मारिओ, कॉन्ट्रा, टँक: जुने कॅसेटवाले गेम्स आज खेळण्यासारखे आहेत का?

जुने ८-बिटवाले गेम्स परत खेळायचे का, पोरांना दाखवायचे का, त्यासाठी एखादं मशीन घ्यायचं का, असा विचार चालू असेल तर आधी आठवणी जरा बाजूला ठेवा. सुट्टीत भाड्याने आणलेला व्हिडिओ गेम, रिमोटवरून भावंडांची भांडणं, टीव्ही तापला म्हणून आईने बंद केला, हे सगळं मलाही फार जवळचं आहे. पण त्यामुळे होतं काय की त्या कॅसेटवरचा प्रत्येक गेम भारीच होता असं वाटायला लागतं, आणि तसं नव्हतं. काही गेम इतके पक्के बनवलेत की आज पहिल्यांदा हातात घेणारं पोरगंसुद्धा तासभर उठत नाही, आणि काही आपण केवळ दुसरं काही नव्हतं म्हणून खेळलो.

माझी कसोटी एकच आहे. गेममध्ये मेल्यावर मनात काय येतं? "माझं चुकलं, परत करतो" असं आलं तर गेम चांगला. "हे काय, मला दिसलंच नाही, कळणार तरी कसं" असं आलं तर गेमने तुम्हाला फसवलंय, मग त्याचं म्युझिक तुम्हाला आजही पाठ असलं तरी.

ते गेम एवढे अवघड का असायचे तेही सांगतो, कारण निवडताना त्याचा उपयोग होतो. निन्टेन्डोचं मूळ मशीन जपानमध्ये १९८३ ला फॅमिकॉम म्हणून आलं, अमेरिकेत १९८५ ला एनईएस म्हणून. आपल्याकडे बहुतेक घरांत आली ती त्याची नक्कल केलेली मशीन्स आणि ९९९९ इन १ लिहिलेल्या कॅसेट, ज्यात खरे गेम मोजकेच आणि बाकीचे म्हणजे तेच गेम वेगळ्या स्टेजपासून सुरू केलेले. मूळ मशीनची कामाची मेमरी २ केबी. एका आडव्या रेषेत आठच स्प्राइट, म्हणजे हलणाऱ्या चित्रांचे तुकडे, दाखवता यायचे, म्हणून शत्रूंची गर्दी झाली की चित्रं लुकलुकायला लागायची. सुपर मारिओ ब्रदर्सची अख्खी कॅसेट ४० केबीची, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत गेम पुरवून पुरवून खेळायला लावायचा तर तो अवघड करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय होता. त्यात बरेचसे गेम मूळचे आर्केडचे, म्हणजे पार्लरमध्ये नाणी गिळायला बनवलेले, तिथे तुम्ही लवकर मरण्यातच त्यांचा धंदा. तोच स्वभाव घरच्या कॅसेटमध्येही उतरला. ज्यांनी घरी बसून खेळणारा माणूस डोळ्यासमोर ठेवला त्यांचे गेम टिकले.

मारिओ की अ‍ॅडव्हेंचर आयलंड

दोन्हीत उजवीकडे पळायचं, उड्या मारायच्या, दोन्हीत ८ वर्ल्ड आणि प्रत्येकात ४ स्टेज. लांबून बघितलं तर भाऊ-भाऊच.

सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. त्याची पहिली स्टेज परत एकदा शांतपणे खेळून बघा, एक अक्षर न लिहिता ती कशी शिकवते ते कळेल. समोरून एक गूम्बा, म्हणजे मशरूमसारखा छोटा शत्रू, हळूहळू चालत येतो, काही केलं नाही तर मरता, म्हणजे उडी मारायची हे कळलं. प्रश्नचिन्हाच्या विटेतून मशरूम निघतं, ते उजवीकडे जाऊन पाइपला आपटून परत तुमच्याकडेच येतं, त्यामुळे घाबरून पळणारासुद्धा बऱ्याचदा ते खातोच आणि मोठा होतो, म्हणजे हे चांगलं असतं हेही कळलं. शेवटाकडे दोन जिने समोरासमोर, मधे खड्डा नाही, पडलात तरी काही होत नाही. मग लगेच पुढे तसेच दोन जिने, आता मधे खरा खड्डा. आधी सराव, मग परीक्षा! आणि कंट्रोल बघा, बटण जितकं दाबून धरू तितकी उडी उंच, हवेत असताना दिशा थोडी बदलता येते, पळताना थांबलं तर पाय घसरतो. त्यामुळे खड्ड्यात पडलो की आपल्याला नक्की माहीत असतं की बटण लवकर सोडलं.

त्यातही खोट आहे. ७-४ आणि ८-४ च्या किल्ल्यात बरोबर रस्ता घेतला नाही तर गोल गोल फिरत राहता, आणि बरोबर कुठला हे कुठेच सांगितलेलं नाही. गेम ओव्हर झाला की परत १-१, आणि सुरुवातीच्या स्क्रीनवर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की ज्या वर्ल्डमध्ये मेलो त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होतं ही सोय गेममध्ये असूनही गेम तुम्हाला सांगत नाही. आता तुम्हाला माहीत झालं, वापरा.

अ‍ॅडव्हेंचर आयलंड हडसन कंपनीचा, १९८६ चा. हा मुळात सेगाच्या वंडर बॉय नावाच्या आर्केड गेमवरून घेतलेला, फक्त हिरो बदलला, आणि तो हडसनमधल्याच ताकाहाशी मेईजिन या माणसावरून बेतला, सेकंदाला १६ वेळा बटण दाबणारा म्हणून तो जपानमध्ये प्रसिद्ध होता. गेमचा स्वभाव शुद्ध आर्केड. वरची एनर्जीची पट्टी आपोआप कमी होत राहते, फळं खात पळत राहायचं, थांबून बघायला वेळच नाही. स्केटबोर्ड मिळाला की मजा येते खरी, पण मग थांबता येत नाही आणि पुढचा दगड दिसेपर्यंत आपटलेलो असतो. तेच जंगल, त्याच गुहा फिरून फिरून, आणि दर वर्ल्डच्या शेवटचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, तेच धड, डोकं नवीन. मेल्यावर तिथूनच कंटिन्यू करायचं तर १-१ च्या शेवटी लपवलेली एक मधमाशी शोधावी लागते, ती नाही मिळाली तर सगळं पहिल्यापासून.

माझं मत, मारिओ घ्या, हा सोडा. डायनासोरवर बसायचंच असेल तर १९९१ चा अ‍ॅडव्हेंचर आयलंड २ खेळा, तो सगळ्याच बाबतीत सरस आहे, आणि खूप जणांच्या आठवणीतला "तो डायनासोरवाला" म्हणजे हाच. मारिओतही एकच खेळणार असाल तर माझी पसंती मारिओ ३ ला, १९८८ चा, नकाशा आहे, जमवलेल्या वस्तू वापरता येतात, शेपटी लावून उडता येतं, प्रत्येक वर्ल्डमध्ये काहीतरी नवीन. मूळ कॅसेटमध्ये सेव्ह नव्हतं आणि गेम लांबलचक, त्यामुळे तेव्हा फार थोड्यांनी पूर्ण बघितला. आज सेव्ह करत करत खेळता येतो आणि तो तसाच खेळावा.

कॉन्ट्रा की निन्जा गायडन

कॉन्ट्रा १९८७ ला आर्केडमध्ये आला, घरच्या मशीनवर १९८८ ला. कोनामीने नुसती नक्कल न करता घरासाठी तो नीट परत बांधला म्हणून वाचला. एक गोळी लागली की मेलो, तीन लाइफ, ऐकायला क्रूर वाटतं. पण शत्रूंच्या गोळ्या हळू येतात, डोळ्यांना दिसतात, तोफा आणि बंदुकवाले ठरलेल्या जागी असतात, आठही दिशांना नेम धरता येतो, हवेत उडी वळवता येते. म्हणजे दुसऱ्यांदा गेलो की सुधारतोच. एस गन, म्हणजे पंख्यासारख्या पसरत्या गोळ्या मारणारी बंदूक, मिळाली की जो आनंद होतो तो आजही तसाच होतो, आणि ती गेली की जो जीव खाली-वर होतो तोही. दोघांनी एकत्र खेळताना तिसऱ्या स्टेजला, धबधब्यावर, एकजण भराभर वर चढला की खालचा स्क्रीनच्या बाहेर जाऊन मरतो, हा दोष आहे हे मान्यच करायला पाहिजे, पण त्यामुळेच एकमेकांसाठी थांबायला शिकावं लागतं. वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए केलं की तीस लाइफ मिळतात, ती बिनधास्त घ्या. तो कोड मुळात ग्रेडियस या गेमच्या वेळी काझुहिसा हाशिमोतो यांनी टाकला, कारण टेस्टिंग करताना गेम त्यांनाच फार अवघड जात होता. बनवणाऱ्याने स्वतः वापरलाय, तुम्हाला कसला संकोच?

निन्जा गायडनही १९८८ चा, आणि कंट्रोलच्या बाबतीत मला तो कॉन्ट्रापेक्षाही वरचा वाटतो, भिंतीला चिकटणं, तिथून उलट उडी, तलवारीचा वार, सगळं कसं चाकूसारखं चालतं. मधे मधे सिनेमासारखे सीन, त्या काळात डोळे फिरवणारे. पण शत्रू मारला आणि पाऊलभर मागे सरकलात की तोच परत जिवंत, पक्षी येऊन धडकतो आणि धक्का बसून सरळ खड्ड्यात. शेवटच्या बॉसकडे हरलात की तुम्हाला सहाव्या अंकाच्या सुरुवातीला नेऊन टाकतो. इथे माझी कसोटी साफ उत्तर देते, अर्ध्या वेळा चूक तुमची नसते. रिवाइंडची, म्हणजे खेळ थोडा मागे नेऊन परत खेळायची, सोय असेल तर जरूर खेळा कारण आतला गेम सुंदर आहे, नसेल तर कॉन्ट्रावर थांबा.

आणि घोस्ट्स अँड गॉब्लिन्सच्या वाटेला जाऊच नका. एकदा उडी मारली की हवेत वळता येत नाही, दोन फटक्यांत खेळ खलास, आणि मरमरून शेवटापर्यंत पोचलात की अख्खा गेम परत एकदा खेळा म्हणतो, तरच खरा शेवट दिसतो. पोरांना हा पहिला दिलात तर ती जुने गेम्स परत मागणार नाहीत.

टँक, म्हणजे बॅटल सिटी

याच्यासमोर तुलनेला ठेवायला मला काही सापडत नाही. नामकोचा, १९८५ चा, ३५ स्टेज, प्रत्येक स्टेजला शत्रूचे २० टँक, आणि खाली विटांच्या आड आपला गरुड सांभाळायचा. अमेरिकेत हा कधी अधिकृतपणे विकलाच गेला नाही, म्हणून तिकडच्या सर्वोत्तम गेम्सच्या याद्यांमध्ये दिसत नाही, आणि तेवढ्यावरून तो दुय्यम समजू नका. दोघांनी कामं वाटून घ्यायची, एक गरुडापाशी, एक पुढे. चुकून जोडीदाराला गोळी लागली तर तो थोडा वेळ जागीच अडकतो, मरत नाही, किती विचार करून ठेवलंय हे! फावडं मिळालं की गरुडाभोवती पक्की भिंत, घड्याळ मिळालं की सगळे थांबले. विटा फुटतात, पोलाद साध्या गोळीने फुटत नाही, झुडपात टँक दिसत नाही, नियम पाच मिनिटांत कळतात आणि प्रत्येक स्टेजला डोकं वेगळं लावावं लागतं. वर कन्स्ट्रक्शनमध्ये जाऊन स्वतःची स्टेज बनवता येते. नवरा-बायको, भाऊ-बहीण, बाप-लेक, कोणीही दोघं बसा, हा पहिला लावा.

डक हंटचं मात्र वाईट वाटतं. टीव्हीकडे गन रोखून बदकं मारायचा हा गेम गोड आहे, पण ती गन आजच्या सपाट टीव्हीवर चालतच नाही. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि गनमधला सेन्सर तो उजेड ठरलेल्या वेळेत दिसतो का ते बघतो. सगळं गणित जुन्या डब्ब्या टीव्हीचं. एलसीडीवर चित्र उशिरा येतं, गणित फिसकटतं. त्यामुळे गनसोबत मिळणाऱ्या स्वस्त सेटसाठी पैसे घालू नका, घरात जुना टीव्ही चालू असेल तरच.

८-बिट की १६-बिट

आपल्यापैकी अनेकजण नकली मशीनवरून थेट पीसीवर किंवा प्लेस्टेशनवर गेले, मधलं १६-बिटवालं मशीन, सुपर निन्टेन्डो, खूप जणांचं राहूनच गेलं. वेळ थोडा असेल आणि आठवणींशी काही देणंघेणं नसेल तर मी तुम्हाला सरळ तिकडेच पाठवीन. सुपर मारिओ वर्ल्ड १९९० चा, झेल्डाचा अ लिंक टू द पास्ट १९९१ चा, दोन्हीत सेव्ह आहे, चित्रं आजही सुंदर दिसतात, पहिल्यांदा खेळणाऱ्याला कुठेही माफी मागावी लागत नाही. १९८६ चा पहिला झेल्डा मोठ्या मनाने बनवलेला आहे, पण कुठल्या झुडपाखाली गुहा आहे ते शोधत एकेक झुडूप जाळत बसावं लागतं, आज त्याला फार संयम लागेल. ८-बिटची खरी ताकद छोट्या, एकाच कल्पनेवर उभ्या असलेल्या गेम्समध्ये आहे, मोठ्या प्रवासाच्या गेम्ससाठी १६-बिटच घ्या.

मग खेळायचं कशावर

बाजारात ४०० इन १ लिहिलेले छोटे हँडहेल्ड मिळतात. स्वस्त आहेत, आकर्षक दिसतात, पण बऱ्याच पीसमध्ये बटणं भुसभुशीत आणि आवाजाचा सूर बदललेला, आणि वर सांगितलं तसं या गेम्सचा सगळा जीव बटणात आहे. बटणच नीट नसेल तर चूक तुमची की मशीनची ते कळणार नाही. पोराला कुतूहल आहे का एवढं बघायला ठीक. घरात निन्टेन्डो स्विच असेल तर त्याच्या ऑनलाइन मेंबरशिपमध्ये मारिओ १ आणि ३, झेल्डा, मोटारसायकल शर्यतीचा एक्साइटबाइक हे सगळे सेव्ह आणि रिवाइंडसकट मिळतात, आणि कॉन्ट्रा कोनामीच्या २०१९ च्या अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये वेगळा मिळतो. फक्त या गेम्ससाठी नवा स्विच घेणं मला महाग वाटतं. जुनं मशीन कोणाच्या माळ्यावर पडलं असेल तर आधी ते लावून बघा.

काहीही घेतलंत तरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो आणि खड्ड्यात पडल्यावर माणूस गेमला शिव्या देतो. आणि घरात अगदी लहान, पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर मारिओच्याही आधी एक्साइटबाइक द्या. १९८४ चा आहे, त्यात मरणं नाही, पडलं की उठून गाडीवर परत बसायचं, आणि ट्रॅक स्वतः बनवता येतो, वाट्टेल तेवढे चढ-उतार टाकून.