सुट्या तळाचा नऊ इंची टार्ट टिन: विदर्भातल्या स्वयंपाकघरात कितपत कामाचा?

नागमोडी काठाची एक कडी आणि तिच्यात नुसती ठेवलेली गोल चकती, एवढाच हा टिन. व्यास २३ सेंटिमीटर, खोली अडीच सेंटिमीटर, काळ्या नॉनस्टिक थराचा पत्रा. ऑनलाइन साधारण पाचशेच्या आतबाहेर मिळतो. तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानात सहसा नसतो. घरी टार्ट (मैद्याच्या उघड्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि कीश (अंडी-दुधाच्या मिश्रणाचा, गोड नसलेला टार्ट) करायचे असतील तर केकच्या डब्यावर भागवू नका, हाच घ्या. केकच्या डब्यातून भरलेला टार्ट उलटा केल्याशिवाय निघत नाही, आणि उलटा केला की संपलाच.

काळा पत्रा लवकर तापतो, म्हणून तळ खरपूस होतो. चकचकीत ॲल्युमिनियमला पाचेक मिनिटे जास्त लागतात. काचेची डिश त्याहून मंद, आणि फ्रिजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये गेली तर तडकू शकते. घेण्याआधी ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, आतून टेपने मोजा. काठासकट टिन २५ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर हवा खेळायला हवी. लहान ओटीजीत तो बसतो, पण काठ करपतात.

एका टिनला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर आणि ४० ते ४५ मिली बर्फाचे पाणी पुरते. नेहमीच्या पिवळ्या बटरमध्ये मीठ असतेच, वरून घालू नका. घरचे लोणी वापरत असाल तर थंड पाण्याने दोनदा धुऊन दाबून घ्या. त्यात ताकाचा अंश राहतो, म्हणून पाणी १० मिलीने कमी. थिजलेले तूप चालते, पण ८० ग्रॅमच, कारण बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्केच असतो. तुपाचे कवच नानखटाईसारखे भुसभुशीत होते, पापुद्रे सुटत नाहीत.

खरी अडचण उन्हाळ्याची. बटर ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळते आणि मे महिन्यात आपल्याकडे स्वयंपाकघरच चाळिशीच्या पुढे असते. बटर मैद्यात वितळून मुरले की कवच कडक होते आणि भाजताना काठ खाली घसरतात. मैदा, परात, लाटणे, टिन सगळे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, बटर गोठवून किसा आणि काम पहाटेच उरका. गोळा मळायचा नाही, फक्त दाबून एकत्र आणायचा. फ्रिजमध्ये तासभर विश्रांती दिली नाही तर भाजताना पारी आक्रसते. मग ३ मिलिमीटर जाड, ३० सेंटिमीटर व्यासाची पारी लाटा. उरलेला तुकडा टाकू नका, चिरा बुजवायला लागतो.

या टिनचा दोष इथेच लक्षात येतो. चकती आणि कडी यांत बारीक फट असते. पारीला कोपऱ्यात चीर राहिली की अंड्याचे मिश्रण तिथून झिरपते, भाजून चिकटते आणि मग चकती निघता निघत नाही. उपाय सोपा आहे. पारीवर बटर पेपर, त्यावर काठापर्यंत कोरडे हरभरे, १९० अंशांवर १५ ते १८ मिनिटे. हरभरे काढून आणखी आठ-दहा मिनिटे, तळ कोरडा दिसेपर्यंत. चिरा कच्च्या पिठाने बुजवा, अंड्याचा पांढरा भाग फिरवा, दोन मिनिटे परत आत. टिनखाली ओटीजीचा ट्रे आधीच तापत ठेवा. तळ ओला राहण्याची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

कीशला ३ अंडी, ३०० मिली दूध-साय आणि २०० ग्रॅम परतून पिळलेली मेथी किंवा पालक. १६५ अंशांवर ३० ते ३५ मिनिटे. मधला चार-पाच सेंटिमीटरचा भाग थरथरत असतानाच काढा. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर मिश्रण फाटून पाणी सुटते. अंडे चालत नसेल तर सांबारवडीचे सारण भरा: सांबार (म्हणजे कोथिंबीर), सुके खोबरे, खसखस, भिवापुरी मिरची. सारण कोरडे असल्याने तळ अजिबात ओला होत नाही. या टिनमध्ये सर्वांत देखणा आणि बिनधोक निघणारा प्रकार हाच.

गोडात संत्र्याचा टार्ट. नागपुरी संत्र्यात आंबटपणा कमी, म्हणून २०० मिली रस आटवून १०० मिली करा आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला. २ अंडी, २ पिवळे बलक, १०० ग्रॅम साखर, शेवटी ६० ग्रॅम बिनमिठाचे बटर. मंद आचेवर ढवळत घट्ट करायचे, उकळू द्यायचे नाही. सुगंध सगळा सालीत असतो. साल सैल असते, म्हणून सोलायच्या आधीच किसा, आणि फक्त केशरी थर. पांढरा भाग व चिरडलेल्या बिया कडवट करतात. यात टिन अर्धाच भरतो. काठोकाठ हवा असेल तर सगळे दीडपट घ्या.

विजेचे गणित मात्र टिनच्या हातात नाही. २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील तर ओटीजीची उष्णता साठ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. बटणावर १९० असले तरी आत तेवढे नसेल. साधा ओव्हन थर्मामीटर आत टांगा आणि संध्याकाळची वेळ टाळा. मध्येच लाइन गेली तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर दहा मिनिटे निघतात. जास्त वेळ गेली तर मोठ्या पातेल्यात मीठ तापवून, जाळीवर टिन ठेवून झाका. वरून रंग येणार नाही, पण मिश्रण बसेल.

काढताना १५ मिनिटे निवू द्या, मग तळापेक्षा अरुंद डब्यावर टिन ठेवा. कडी आपोआप खाली उतरते. चकतीवर सुरी चालवू नका, थर खरवडला की गंज तिथूनच धरतो. तारेची घासणी नको, राख नको. धुतल्यावर कडीच्या दुमडीत पाणी अडकते; गरम ओटीजीत पाच मिनिटे ठेवून सुकवा. खोल कीश आवडत असेल तर हाच टिन साडेतीन सेंटिमीटर खोलीचा मिळतो. तो घेतलात तर मिश्रण दीडपट आणि भाजायला दहा-बारा मिनिटे जास्त.