इंग्रजी घोडा, डच तबेला: लायडनच्या फुकट महाकोशाचा कस

'वोर्डनबुक डेर नेडरलांट्स ताल' हा डच भाषेचा महाकोश. पहिला हप्ता १८६४ साली निघाला, मूळ कोशाचा शेवटचा खंड १९९८ साली. २००७ पासून तो जालावर फुकट आहे आणि नेदरलँड्समधल्या लायडन शहरातली डच भाषा संस्था तो सांभाळते. आइंटहोव्हन-अ‍ॅमस्टरडॅममध्ये नोकरी करता करता डच शिकणाऱ्या मराठी मंडळींसाठी तो कितपत कामाचा? आम्ही त्याला इंग्रजीतल्या घोड्यांच्या म्हणी लावून पाहिल्या.

पहिली अडचण दारातच. कोश डच-डच आहे, इंग्रजी म्हण टाकून काही हाती लागत नाही. म्हणून आधी म्हणीचा अर्थ घोडा न आणता एका साध्या वाक्यात लिहून काढा. त्या अर्थाची डच म्हण कोणा डच सहकाऱ्याला विचारा किंवा छोट्या कोशात शोधा, आणि मग तिच्यातल्या मुख्य नामाची नोंद इथे उघडा. 'पार्ट', म्हणजे घोडा, ही नोंद लांबलचक आहे. वरपासून वाचत बसू नका, पानातल्या शोधात म्हणीतला दुसरा शब्द टाका. मजकूर जुन्या शुद्धलेखनात आहे: 'लोपन' या क्रियापदात आज एक ओ, कोशात दोन. शोध रिकामा आला तर बहुधा याच कारणाने.

खरी कसोटी 'फ्लॉग अ डेड हॉर्स'ची, म्हणजे मेलेल्या घोड्याला चाबूक मारण्याची. डचमध्येही मेलेला घोडा आहे, 'आन एन डोट पार्ट ट्रेकन', मेलेल्या घोड्याला ओढणे. भाषांतराची अ‍ॅप्स इथेच फसू शकतात, कारण शब्द जवळजवळ जुळतात. पण डच घोडा ओढतात तो निष्फळ खटाटोप सांगायला: ज्या कामातून काही निघणार नाही त्यात जीव काढणे. बैठकीत मिटलेला विषय कोणी पुन्हा काढला, तर इंग्रज तिथेही मेलेला घोडाच आणेल. डच माणूस म्हणेल 'आउडं कूयन आउट द स्लोट हालन', पाण्याच्या चरातून म्हाताऱ्या गायी बाहेर काढणे. आपण तिथे शिळ्या कढीला ऊत आणतो. म्हणून 'पार्ट'वर थांबू नका, 'कू' म्हणजे गाय, तीही नोंद बघा.

घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी लावणारा इंग्रज डचमध्ये आला की घोडा जातो आणि वासरू येतं: वासरू बुडाल्यावर विहीर बुजवतात. चित्रकार ब्रूगलने १५५९ च्या म्हणींच्या चित्रात हा विहीर बुजवणारा काढलाय. 'बैल गेला आणि झोपा केला' म्हणणाऱ्याला ही म्हण पाठ करावी लागत नाही.

बाकीचं भराभर. घोड्यापुढे गाडी नव्हे, 'हेट पार्ट आख्टर द वाखन स्पानन', घोडा गाडीमागे जुंपणे. पण यात क्रम चुकण्यापेक्षा काम उलट्या बाजूने धरण्यावर भर. 'होल्ड युअर हॉर्सेस'ला, म्हणजे 'जरा दमानं घे'ला, घोडा नकोच, 'रुस्टिख आन' पुरे. 'हॉर्सेस माउथ'मधून आलेली बातमी 'आउट एर्स्ट हान्ट', म्हणजे पहिल्या हाताची. घोड्यासारखं खाणारा डचमध्ये गोदी कामगारासारखा खातो. 'हॉबी हॉर्स', म्हणजे कोणाचा आवडता विषय, मात्र सुखरूप पोचतो: 'स्टोकपार्ट्ये'.

कोशाचा दोष एकच, पण मोठा. त्यात साधारण १५०० ते १९७६ पर्यंतचीच भाषा आहे आणि कोणती म्हण आज कोणी बोलत नाही हे तो सांगत नाही. सापडलेली म्हण चालू वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर शोधा. अलीकडच्या बातम्यांत दिसली नाही तर ऑफिसच्या मेलमध्ये घालू नका. मोबाइलवर लांब नोंदी वाचणं त्रासाचं, लॅपटॉपच घ्या.

एक बारीक गोष्ट. फुकट मिळालेल्या घोड्याचे दात बघू नयेत, कारण दातांवरून त्याचं वय कळतं. डच म्हणीत दातांऐवजी घोड्याचं तोंड येतं आणि त्याला 'बेक' म्हणतात, जो शब्द एरवी जनावराच्या तोंडाला लावतात. पण घोडेवाल्या डच लोकांना हा शब्द घोड्यासाठी खपत नाही. त्यांच्या लेखी घोड्याला माणसासारखं 'होफ्ट', 'मॉन्ट' आणि 'बेनन' असतं: डोकं, तोंड, पाय. म्हणीत 'बेक'च ठेवा, रायडिंग स्कूलमध्ये 'मॉन्ट' म्हणा.