सात वर्षांनंतर पुन्हा काइटबोर्डिंग: जुन्या 12 चौरस मीटरच्या काइटचा सहा महिन्यांचा अनुभव, मुख्यतः तिच्या व्हॉल्व्हचा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात टिनाच्या खोलीत गुंडाळून ठेवलेली काइट तपासण्यासाठी उघडली, तेव्हा लीडिंग एजचा (पुढच्या फुगवायच्या कडेचा) हवा भरण्याचा व्हॉल्व्ह ब्लॅडरपासून, म्हणजे आतल्या हवेच्या पिशवीपासून, सुटून सरळ माझ्या हातात आला. कापड फाटलेले नव्हते, शिवण उसवलेली नव्हती, ब्लॅडरलाही छिद्र नव्हते. फक्त गोंदाने धरून ठेवणे सोडून दिले होते. “ब्लॅडर सगळे नवे टाकलेले आहेत” या विक्रेत्याच्या शब्दावर मी मार्चमध्ये बार (हातात धरायची दांडी) आणि दोऱ्यांसह 26,000 रुपये मोजले होते. त्यामुळे या काइटविषयी लिहायचे तर सुरुवात त्या व्हॉल्व्हपासूनच करणे भाग आहे.

चेन्नईला नोकरीत असताना मी रामेश्वरमला काइटबोर्डिंग, म्हणजे काइटच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर सरकण्याचा खेळ, शिकलो. पुढे मोर्शी तालुक्यातल्या गावी परत आलो, संत्र्याची बाग सांभाळू लागलो आणि सात वर्षे बारला हात लागला नाही. गेल्या हंगामात आंबिया बहाराची गळ मोठी झाली, म्हणून या छंदासाठी एकूण 40,000 रुपयांची मर्यादा मी स्वतःला घालून घेतली. हार्नेस (काइट अडकवण्याचा कमरेचा पट्टा) जुनाच होता, बोर्ड 7,000 रुपयांत मिळाला. काइटचे माप वजनावरून ठरवले: किलोतल्या वजनाला 2.2 ने गुणून नॉटमधल्या वाऱ्याने भागले की ढोबळ मानाने चौरस मीटर निघतात. माझे वजन 76 किलो आहे आणि 14 नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे 26 किलोमीटरचा वारा धरला तर उत्तर 12 च्या जवळ येते. दुसरी काइट घेण्याची ऐपत नव्हती, त्यामुळे जो काही वारा मिळेल तो याच एका मापात बसवायचा होता.

व्हॉल्व्ह सुटल्यावर मी एका दुरुस्ती केंद्राला फोन केला. तेथे सांगण्यात आले की नुसता व्हॉल्व्ह बसवून मिळणार नाही, संपूर्ण ब्लॅडर घ्यावे लागेल. त्याचे 9,500 रुपये आणि पाठवणीचा खर्च वेगळा. ज्या वस्तूचा दोष हाताच्या तळव्याएवढ्या जागेत आहे, तिच्यासाठी काइटच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक पैसे मागणे मला अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. मग ते ब्लॅडर घेऊन मी गावातल्या पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “भाऊ, हे ट्यूबच हाय ना? मंग दहा मिनिटांचं काम हाय.” त्याने मनापासून प्रयत्न केला, पण सायकलची ट्यूब रबराची असते आणि हे ब्लॅडर पॉलियुरेथेनचे, रबरासाठीचे सोल्यूशन त्याला नीट धरत नाही. दुसऱ्या दिवशी जोड नखाने उचलला गेला. ही चूक इतरांनी करू नये, कारण ते सोल्यूशन खरवडून काढण्यात माझी पूर्ण संध्याकाळ गेली.

शेवटी पाठीमागे चिकट थर असलेला सुटा व्हॉल्व्ह 850 रुपयांत मागवला. ब्लॅडर बाहेर ओढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांना लांब सुतळी बांधली, म्हणजे परत घालताना तीच सुतळी ओढून ते जागेवर नेता येते. जुन्या गोंदाचा अंश स्पिरिटने पुसला, जागा पूर्ण कोरडी होऊ दिली, व्हॉल्व्ह एकदाच आणि सरळ टेकवला व त्यावर जात्याची वरची तळी 24 तास ठेवली. आत घालताना ब्लॅडरला टाल्कम पावडर लावली. तरीही पहिल्या वेळी ते मध्ये पिळले गेले आणि सगळे पुन्हा बाहेर काढावे लागले. साबणाच्या पाण्याने तपासले, एकही बुडबुडा आला नाही.

एका व्हॉल्व्हसाठी एवढे लिहिणे कुणाला जास्त वाटेल. पण फुगवता येणाऱ्या काइटचे पेटंट फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी 1984 मध्ये घेतले, त्यातली मूळ कल्पनाच ही होती की हवेने ताठ राहिलेली कड पाण्यावर तरंगावी आणि काइट तेथूनच परत उचलता यावी. कड मऊ पडली की काइट उठत नाही आणि माणूस धरणाच्या मध्यभागी अडकतो. हवा गेली की खेळच नव्हे, सुरक्षितताही गेली.

तोवर मी विक्रेत्याला पुरता दोष देत होतो. नंतर ज्या खोलीत काइट ठेवली होती तेथे दुपारी तापमापी टांगून पाहिली, तर पारा 51 अंशांवर गेला. एवढ्या उष्णतेत गोंद मऊ होणारच, आणि टिनाखाली काइट ठेवण्याचा निर्णय माझा होता. मी विक्रेत्याला दिलेला अर्धा दोष मागे घेतला आणि काइट घरातल्या मातीच्या भिंतींच्या खोलीत हलवली. जुलैत, पावसाळी गारव्यात, मधल्या स्ट्रटचाही, म्हणजे कडेला जोडलेल्या फुगवायच्या नळीचाही, व्हॉल्व्ह सुटू लागला. तो ब्लॅडर बाहेर काढला तेव्हा तो पिवळा पडलेला होता आणि त्यावर दोन जुनी ठिगळे होती. म्हणजे उष्णतेने काम लवकर केले इतकेच, “नवे” हा शब्द मुळातच खोटा होता. विक्रेत्याला छायाचित्रांसह दोनदा कळवले, उत्तर आले नाही. जुनी काइट घेणाऱ्यांनी ती आपल्यासमोर फुगवून घ्यावी, निदान रात्रभर तशीच ठेवावी आणि स्ट्रटचे ब्लॅडर बाहेर काढून दाखवण्याचा आग्रह धरावा.

दोऱ्यांचा प्रश्न मात्र फुकटात सुटला. मधल्या दोऱ्यांवर जास्त भार येतो, त्या वर्षानुवर्षांत ताणून लांब होतात, मग मागच्या दोऱ्या तुलनेने आखूड पडतात आणि काइट हवेत मागे झुकून खाली येते. चारही टोके कडुनिंबाला बांधून, सारखा ताण देऊन बारच्या बाजूच्या गाठी सरकवल्या आणि तक्रार संपली.

वापर अप्पर वर्धा धरणाच्या फुगवट्यावर, लेखी परवानगी घेऊन केला. एप्रिलमध्ये पाणी ओसरलेल्या काठावर, गाळपेर संपते त्यापलीकडे, फक्त हात बसवण्यासाठी काइट उडवली. तेथे बाभळीचे काटे वेचूनच ती जमिनीवर टेकवावी लागते. जूनपासून पाण्यात उतरलो, तेही मासेमारी करणाऱ्या एका परिचिताची नाव जवळ असतानाच, कारण पाण्याखालची जाळी कुठे आहेत हे त्यालाच ठाऊक असते. विजेच्या तारा जवळ असलेला काठ मी पूर्णपणे वगळला आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप पाहिल्याशिवाय काइट फुगवत नाही. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून माणसे जातात आणि 24 मीटर उंच ओली दोरी हातात धरण्याची ती वेळ नव्हे. धरणावरचा वारा रामेश्वरमसारखा एकसंध नाही, तो झोत देऊन येतो; म्हणून बार दर मिनिटाला आत-बाहेर करावा लागतो आणि क्विक रिलीज (काइटची ओढ तत्काळ सोडणारी कळ) दर वेळी काठावर एकदा ओढून पाहावा लागतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पश्चिमेचा वारा दीड तास टिकला. चौथ्या प्रयत्नात बोर्डवर उभा राहिलो आणि पलीकडच्या काठाजवळ जाऊन, वळून, निघालो होतो त्याच जागी परत आलो. काइट दोनदा पाण्यात पडली आणि दोन्ही वेळा कडेने उठली. त्या 850 रुपयांच्या व्हॉल्व्हबद्दल मला तेव्हा जे वाटले, ते या संपूर्ण खरेदीत दुसऱ्या कशाबद्दलही वाटले नाही.

आज ऑगस्टअखेर एकूण खर्च 35,900 रुपये झाला आहे. त्यात दोन नवे व्हॉल्व्ह, स्पिरिट, पावडर आणि नावेचे डिझेल आले. उरलेल्या दोन स्ट्रटचे व्हॉल्व्ह अजून जुन्याच गोंदावर आहेत. काल रात्री काइट फुगवून पडवीत ठेवली होती. सकाळी डावा स्ट्रट बोटाने दाबला तर थोडा मऊ लागला, म्हणून तिसरा व्हॉल्व्ह आजच मागवला आहे.