मथळा 'लायसन्स'चा, सही मात्र हक्क सोडल्याची

डोक्यावर तुळस घेतलेली वारकरी बाई हे माझं सगळ्यात जास्त खपलेलं चित्र. टी-शर्टवर, कापडी पिशव्यांवर छापून मी ते ऑनलाइन विकायचे. आज ते माझ्याच दुकानात नाही.

गेल्या वर्षी आषाढीच्या महिनाभर आधी एकाचा फोन आला. "ताई, तुमचं काम मोठ्या ब्रँडपर्यंत पोचवतो. फक्त लायसन्स द्या, विक्रीवर 8 टक्के रॉयल्टी." त्याच दिवशी 5,000 रुपये आगाऊ जमा झाले आणि माझा विश्वास बसला. त्याने लेयर्ससकट, म्हणजे चित्राचे थर सुटे असलेली, मूळ फाइल मागितली, मी दिली. दोन पानी इंग्रजी कागद आला, मथळा 'लायसन्स'. पहिलं पान वाचलं आणि दुसऱ्यावर सही केली. सहीच्या अगदी वर ओळ होती: चित्राचे सर्व हक्क कंपनीला हस्तांतरित.

रॉयल्टीचा रुपयाही आला नाही. दिवाळीत तेच चित्र चार विक्रेत्यांकडे दिसलं, मोबाइल कव्हरवर, उशांच्या अभ्र्यांवर. तुळशीच्या उजव्या फांदीचं एक पान माझ्या हातून अर्धवट राहिलं होतं. सगळीकडे ते तसंच अर्धवट, आणि खाली नाव भलत्याच कुणाचं! मी तक्रार केली, तर कंपनीने माझ्या सहीचा कागद पुढे करून माझंच चित्र माझ्या दुकानातून हटवायला लावलं.

वकीलबाईंनी समजावलं, की वापरायला देणं वेगळं आणि हक्कच देऊन टाकणं वेगळं. कागदात मुदत नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरण 5 वर्षांचं, प्रदेश नसेल तर भारतापुरतं. माझ्या कागदात दोन्ही नव्हतं, तेवढाच आधार. चित्रकार म्हणून आपलं नाव सांगायचा हक्क मात्र कलम 57 प्रमाणे सगळं विकलं तरी आपलाच राहतो. त्यावरच नोटीस गेली आहे.

कृपा करून मूळ फाइल कुणाला देऊ नका. कोणत्या वस्तूवर, किती काळ, कुठे, हे कागदावर हवंच. 'असाइन', म्हणजे हक्क हस्तांतरित करणं, हा शब्द दिसला की सही थांबवा, आधी वकिलाला दाखवा. कच्ची रेखाटनं तारखेसकट जपा, माझ्या आता तीच कामी येताहेत.

त्या चार विक्रेत्यांपैकी अभ्रे छापणाऱ्या सोलापूरच्या दादांना मी फोन केला. त्यांनी 'अधिकृत लायसन्स' म्हणून 12,000 रुपये भरले होते. त्यांनी आपणहून पाठवलेला त्यांच्या कागदाचा फोटो नोटिशीला जोडला आहे.