शेतातला तलाव पाहुण्यांसाठी उघडताय? पाण्यात उतरू द्यावं की काठावरच बसवावं

उमरेड, कुही, काटोल, हिंगणा, कुठल्याही रस्त्याने नागपूरबाहेर तासभर गेलं की शेतात एखादा मातीचा बंधारा दिसतोच. नाल्यावर आडवी पाळ घातलेली असते आणि मागे एक-दीड एकर पाणी. अशी शेतं घेणारे ओळखीपाळखीचे लोक हल्ली मला एकच विचारतात: शनिवार-रविवार पाहुणे बोलवायचेत, तर पोहणं-होडी ठेवू, की पाणी नुसतं पाहायला ठेवून काठावरच सोय करू? आमच्या शेतातली पाळ आजोबांनी घातलेली आहे आणि मी दोन्ही करून पाहिलंय. एक हंगाम पाणी मोकळं ठेवलं, दुसऱ्या हंगामापासून सगळं काठावर आणलं.

दोन्ही पर्यायांची तुलना पाहुण्यांपासून सुरू केली तर चुकते. सुरुवात पाळीपासून करावी लागते, कारण पाळीला जे मानवतं ते पाहुण्यांना आवडत नाही. पोहणाऱ्याला आणि होडीवाल्याला तलाव काठोकाठ हवा असतो. मातीच्या पाळीला मात्र वर निदान तीन फूट कोरडी उंची मोकळी हवी असते. लोकांची सगळ्यात जास्त गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) वाहतो तेव्हा होते, आणि पाळीचे सगळ्यात धोक्याचे दिवस नेमके तेच. मे महिन्यात पाळीला काही भीती नसते, पण पाणी हिरवं, कोमट, गाळाचं झालेलं असतं आणि त्यात उतरण्यासारखं काही उरत नाही.

थोडा हिशेब करा. दीड एकराचा तलाव, सरासरी दोन मीटर खोल, म्हणजे साधारण 12,000 घनमीटर, सव्वा कोटी लिटरच्या आसपास पाणी. वरून चाळीस हेक्टरांचं पाणी उतरत असेल आणि एका रात्रीत 100 मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला निम्मा जमिनीत मुरला, तरी 20,000 घनमीटर पाणी तलावाकडे येतं. तलाव आधीच भरलेला असेल तर हे सगळं सांडव्यावरूनच गेलं पाहिजे. एवढा पाऊस आपल्याकडे होत नाही असं कुणी म्हणालं, तर 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं.

मातीची पाळ वरून पाणी गेलं की टिकत नाही. दगडी किंवा काँक्रीटचा बांध थोडा वेळ तग धरतो, माती मात्र आधी खालच्या अंगाला चिरली जाते आणि मग चीर मागे सरकत माथ्यापर्यंत येते. म्हणून सांडवा मोकळा असणं ही पहिली अट. आमचा पहिल्या हंगामातला गुन्हा इथेच घडला. मासे वाहून जाऊ नयेत आणि होडीला पाणी जरा जास्त राहावं, म्हणून मासे सोडणाऱ्याने सांडव्यावर जाळी बांधली आणि खाली चार फळ्या लावल्या. मीही हो म्हटलं. ऑगस्टमधल्या एका रात्री आमच्या सालगड्याने, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, दार ठोठावलं. "पाळीवर या जी, पानी वर येऊन रायलं." बॅटरीच्या उजेडात जाळीवर बेशरमच्या झुडपांच्या फांद्या, पळसाची पानं आणि प्लास्टिकच्या ताटल्यांची भिंत उभी राहिलेली दिसत होती. त्या ताटल्या आमच्याच पाहुण्यांच्या. पाणी माथ्यापासून वीतभर खाली होतं. काकांनी विळ्याने जाळीचे दोर कापले आणि तासाभरात पाणी हातभर उतरलं. त्या रात्रीनंतर सांडव्यावर काहीही बांधलेलं नाही. मासे गेले तर जाऊ देत.

पाण्यात उतरण्याचा पर्याय घेतला की पाळीची झीजही वाढते. लोक गाड्या माथ्यावर आणून लावतात, चाकोऱ्या पडतात, त्यात पावसाचं पाणी साचतं. उताराच्या एकाच जागेवरून सगळे खाली उतरतात, गवत जातं आणि पहिल्या पावसात तिथे ओघळ पडतो. मोटारीची होडी असेल तर तिच्या लाटा आतल्या बाजूचं पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, हलवतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते ते वेगळंच. म्हणून जुन्या लोकांनी काळी माती पोटात ठेवून वरून मुरमाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, दिलं. मुरमाचा तो थर पायांनी झिजला की भेग थेट काळ्या मातीपर्यंत पोचते. काठावरच्या पर्यायातही लोक येतातच, पण त्यांना पाळीवर पाय ठेवायचं कारण नसतं. बसायची जागा पाळीच्या समोरच्या, नैसर्गिक काठावर करायची. तिथून सूर्यास्तही छान दिसतो.

आता माणसांचं. तलावात पोहायला काय हरकत आहे, लहानपणी आम्ही विहिरीत उड्या मारायचो, असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. पाळीची माती बहुतेक वेळा तलावाच्या पोटातूनच उचललेली असते. त्यामुळे तळाशी खड्डे असतात आणि ते वरून दिसत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात चालणारा माणूस एका पावलात डोक्यावर पाण्यात जातो, आणि पाय टेकवायला गेला तर गाळात रुततो. माझा वीस वर्षांचा भाचा असाच पाण्याखाली गेला होता. शहरातल्या पोहण्याच्या तलावात तासतास पोहणारा मुलगा. आधी हसण्याचा आवाज येत होता, मग एकदम शांतता झाली. काकांनी बांबू पुढे केला, त्याने धरला, म्हणून आज तो आहे. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. ओरडायला लागणारी हवाच त्याच्या छातीत नसते.

होडीचा मामला थोडा वेगळा आहे. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची होडी उलटून अनेकांचा जीव गेला. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, अंगात लाइफ जॅकेट नाही, त्यात सगळे एका बाजूला सरकले, तर लहान होडी क्षणात उलटते. पण खासगी छोट्या तलावावर होडी अगदीच नको असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर उत्तरार्ध ते जानेवारी, वल्ह्याची होडी, एका वेळी तिघंच, प्रत्येकाच्या अंगात बांधलेलं जॅकेट, काठावर दोर लावलेली रिंग आणि पोहता येणारा एक माणूस हजर. यातलं एक जरी नसेल तर होडी झाडाला बांधून ठेवा. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल, तर काठावर चार फुटी सिमेंटची टाकी बांधा. तिचं पाणी बदलता येतं आणि तळ दिसतो.

प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं हा तिसरा पर्याय काहींना सुचतो: पाळ नको, फुटायची भीती नको, त्यातच पोहू. हा सगळ्यात वाईट. 30 बाय 30 मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्यात 22 लाख लिटर पाणी असतं आणि ओल्या अस्तरावरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. त्याला चारी बाजूंनी कुंपण आणि आत सोडलेले गाठींचे दोर हवेत, पाहुणे नकोत.

पैशांचं म्हणाल तर पाण्याचा पर्याय सुरुवातीला जास्त देतो. पोहायला मिळतं म्हटलं की लोक येतात. पण जीवरक्षक, जॅकेटं, पिचिंगची डागडुजी आणि वर्षभराची झोपमोड धरली तर आमच्याकडे हातात फारसं राहिलं नाही. काठावर आम्ही दोन मचाणं, गळाने मासे धरण्याची जागा, चुलीवरचा झुणका-भाकर आणि हिवाळ्यात पक्षी पाहायला दुर्बिणी ठेवल्या. गर्दी कमी झाली, पण येणारे परत येऊ लागले.

जबाबदारीच्या बाबतीत तर फरक सरळ आहे. 2021 चा धरण सुरक्षा अधिनियम 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा अशा ठरावीक निकषांत बसणाऱ्यांना. तुमची चार-पाच मीटरची पाळ त्यात येत नाही. म्हणजे त्या कायद्याखाली तिची तपासणी करायला कुणी येणार नाही, मालकच तपासणारा. 'पाण्यात उतरल्यास जबाबदारी स्वतःची' अशी पाटी लावली म्हणून पैसे घेऊन बोलावलेल्या माणसाची जबाबदारी अंगावरून जात नाही. पाळीखाली वस्ती, रस्ता किंवा दुसऱ्याचा गोठा असेल तर माझ्या मते प्रश्नच संपला. काठ, आणि तोही पाळीपासून लांबचा.

दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी पाळीच्या पायथ्याला रोज चक्कर हवी. झिरपा, म्हणजे पाळीतून पाझरणारं पाणी, थोडा असतोच. ओहोळ एका जागी आणून पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो तो वहीत लिहा. पाणी नितळ आणि वेळ तोच, तर चालू द्या. वेळ कमी होत गेला किंवा पाणी गढूळ आलं, तर पाळीच्या पोटातून माती वाहतेय. 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलेल्या रत्नागिरीतल्या तिवरे धरणाच्या गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. अशा जागी बाहेरून चिकणमाती थापून भोक बुजवू नका. वाळू, तिच्यावर गिट्टी, तिच्यावर दगड असा थर द्या, पाण्याला वाट राहील आणि माती अडेल. पाणी उपसून पातळी खाली आणा, पण घाईने नको, दिवसाला फूटभर पुरे, नाहीतर आतला ओला उतार घसरतो. गढूळ पाण्याचा जोर वाढतच असेल तर मात्र खालच्या लोकांना आधी हलवा आणि 112 ला फोन करा.

निर्णय अजून होत नसेल तर मे महिन्यापर्यंत थांबा. पाणी तळाला गेलं की चुन्याची पिशवी आणि लांब बांबू घेऊन तलावाच्या पोटात उतरा, प्रत्येक खड्ड्याभोवती चुना मारा आणि काठावरून फोटो काढून ठेवा. आमच्या दीड एकरात सात खड्डे निघाले, त्यातले दोन आठ फुटांच्या वर. होडीची ऑर्डर त्याआधी देऊ नका.