फॅलसीची कार्डं: खेळायला धमाल, पण अख्ख्या डब्यात एकही धड युक्तिवाद नाही

लॉजिकल फॅलसी, म्हणजे युक्तिवादातल्या नेहमीच्या चुका, ओळखायला शिकवणारा कार्डांचा सेट घेतला होता, घरी आणि मित्रांबरोबर भरपूर खेळून झालाय म्हणून लिहितोय. ब्रँडचं नाव घेत नाही, असे सेट बरेच मिळतात आणि तुम्ही कुठलाही घेतलात तरी माझी मुख्य तक्रार आधी तपासून बघा एवढंच म्हणणं आहे.

खेळ सोपा आहे. कार्डाच्या एका बाजूला दोन-तीन वाक्यांचं भांडण, एकाने ते मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी कुठली फॅलसी ते ओरडून सांगायचं, मागे उत्तर. आणि उत्तराखाली एक ओळ असते, समोरच्याला अशा वेळी काय विचारायचं. माझ्या मते पैसे वसूल होतात ते या ओळीत. म्हणजे बघा, एक म्हणतो 'पोराचा मोबाइलचा वेळ जरा कमी करूया', दुसरी म्हणते 'मग काय, त्याने जगाशी संबंध तोडून बसायचं का?' आता हा स्ट्रॉमॅन आहे (समोरच्याचं म्हणणं वाकवून मग त्यावर तुटून पडणं) हे कोणीही सांगेल, पण कार्ड म्हणतं विचारा, 'मी नक्की काय म्हणालो ते एकदा तुझ्या शब्दांत सांग ना.' करून बघा, निम्मी भांडणं तिथेच थंड होतात. 'तू स्वतः कधी पहाटे उठलायस का, मला काय व्यायाम शिकवतोस' यावरचा प्रश्न तर मी रोज वापरतो: 'बरं मी आळशी, पण व्यायाम चांगला की वाईट?'

आकड्यांच्या गोंधळावरची कार्डं सगळ्यात चांगली जमलीत. जुगाऱ्याच्या फॅलसीवर माँटे कार्लोच्या कॅसिनोतला १९१३ सालचा किस्सा आहे, रूलेवर (लाल-काळ्या आकड्यांचं जुगाराचं फिरतं चाक) सलग २६ वेळा काळा आला आणि 'आता तरी लाल येणारच' म्हणून लोक लाल रंगावर पैसे लावत गेले आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नसतं हो! 'तीन मुली झाल्या, आता मुलगाच' म्हणणारे काका-मावशी हेच करत असतात (आणि तिथे चूक फक्त गणिताची नसते, ते असो). 'गोळी घेतली आणि चार दिवसांत सर्दी पळाली' हेही कार्ड छान आहे, कारण साधी सर्दी बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत आपली आपणच जाते, मग गोळीने काय केलं ते कळणार कसं? 'नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही' हे तर काय, आर्सेनिकपण नैसर्गिकच आहे. एकतर-हे-नाहीतर-ते वालं कार्ड ठीकठाक, त्यावर बोलण्यासारखं फार काही नाही.

आता तक्रार. पूर्ण डब्यात एकही कार्ड असं नाही ज्यावरचा युक्तिवाद बरोबर आहे. एकही नाही! म्हणजे खेळणाऱ्याला आधीच माहीत असतं की इथे काहीतरी चुकलंय, फक्त चुकीचं नाव सांगायचंय. पण खऱ्या आयुष्यात अवघड काम नेमकं त्याच्या आधीचं असतं ना, समोरच्याचं बोलणं चुकलंय की आपल्यालाच आवडलं नाही हे ठरवणं. ते काम हा खेळ करूच देत नाही. परिणाम काय तर दोन-तीन डाव झाले की सगळ्यांना सगळीकडे फॅलसी दिसायला लागतात, जेवताना कोणी काही म्हटलं की 'अ‍ॅड होमिनेम! अ‍ॅड होमिनेम!', म्हणजे मुद्दा सोडून माणसावर हल्ला, आणि मुद्द्याचं उत्तर कोणीच देत नाही.

याच अ‍ॅड होमिनेमचं कार्ड घ्या. त्यावर लिहिलंय की बोलणाऱ्या माणसाबद्दल काहीही काढलं की फॅलसी. असं नसतं. एखादा सल्लागार म्हणाला 'ही पॉलिसी घ्या, माझ्यावर विश्वास ठेवा' आणि त्याला त्या पॉलिसीवर कमिशन मिळतंय, तर ते काढणं अगदी योग्य आहे, कारण तो तुम्हाला दुसरं काही नाही, स्वतःचा शब्दच देतोय. पण त्याने हिशोब मांडून दाखवला, इतका हप्ता, इतक्या वर्षांनी इतका परतावा, तर मग हिशोब तपासा, कमिशनमुळे बेरीज बदलत नाही. साक्ष असेल तर साक्षीदार बघायचा, हिशोब असेल तर हिशोब. हा फरक कार्डावर एका ओळीत मावला असता.

स्लिपरी स्लोपचंही, म्हणजे एक पाऊल टाकलं की घसरगुंडीच, याचंही तेच. 'एकदा सूट दिली की सगळंच हातातून जाईल' यात मधली प्रत्येक पायरी नुसती गृहीत धरली असेल तर ती फॅलसी. पण क्रेडिट कार्डाचं बिल थकलं की लेट फी लागते, उरलेल्या रकमेवर व्याज चढतं, पुढच्या महिन्याचं बिल आणखी जड होतं, इथे प्रत्येक पायरी कागदावर छापलेली असते. त्याला घसरगुंडी म्हणून उडवून लावणारा माणूस हुशार नाही, कर्जात जाणारा आहे. तज्ज्ञाचा हवाला देणं चूक असं सांगणारं कार्डही असंच अर्धवट, हृदयाबद्दल हृदयरोगतज्ज्ञाचं ऐकणं आणि नटाचं ऐकणं एकाच रांगेत कसं बसवता राव?

आणि सगळ्यात गरजेचं कार्ड, फॅलसी सापडली म्हणजे निष्कर्षच खोटा असं समजण्याची फॅलसी, ते सेटमध्ये नाहीच. 'आमचे सर म्हणाले म्हणून पृथ्वी गोल आहे' हे कारण भिकार आहे, पृथ्वी तरीही गोलच.

सोबत इतिहासाची छोटी पुस्तिका येते. त्यात अ‍ॅरिस्टॉटलच्या १३ फॅलसी आहेत, सहा भाषेमुळे होणाऱ्या आणि सात बाकीच्या. चांगली माहिती. पण तर्क आणि वादावरच्या आपल्या जुन्या ग्रंथाचा, गौतमाच्या न्यायसूत्रांचा, उल्लेख नाही याचं वाईट वाटलं, देशाभिमान वगैरे म्हणून नाही, तर तिथे या खेळाला हवी असलेली गोष्ट तयार आहे म्हणून. पाच हेत्वाभास (कारणासारखी दिसणारी खोटी कारणं), तीन प्रकारचं छल (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम वेगळा अर्थ लावणं), २२ निग्रहस्थानं (वादात हरल्याच्या जागा) हे तर आहेच, छलाचं जुनं उदाहरण म्हणजे कोणी म्हणावं 'हा नवकंबलवाला' (नवं कांबळं असलेला) आणि दुसऱ्याने विचारावं 'नऊ कुठेत, एकच दिसतंय'. पण त्याच्याही आधी चर्चेचेच तीन प्रकार पाडलेत: खरं काय ते शोधायला केलेला तो वाद, जिंकायला केलेला तो जल्प, आणि स्वतः काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडत बसायचं ती वितंडा. हा सेट जसाच्या तसा खेळलात तर घरात तिसऱ्या प्रकाराची प्रॅक्टिस होते, मी बघितलंय.

उपाय घरगुती आहे. साध्या जाड कागदाची त्याच मापाची कार्डं कापा, त्यावर नीट, बरोबर युक्तिवाद लिहा, शक्यतो ऐकायला चुकीचे वाटणारे (कमिशनवालं उदाहरण चालेल), आणि पत्त्यांत मिसळून टाका. चांगल्याला फॅलसी म्हटलं तर मार्क कापायचे. आमच्याकडे एवढं केल्यावर ओरडण्याचा वेग एकदम कमी झाला, लोक कार्ड परत वाचायला मागायला लागले.

पाचपैकी साडेतीन स्टार. मागचे प्रश्न, माँटे कार्लो आणि भाषा यासाठी साडेतीन, नाहीतर तीनच दिले असते. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना झेपेल. कार्डांचा कागद मजबूत आहे, डबा मात्र टुकार, कोपरे लगेच फाटले, आमचा सेट सध्या रबरबँडवर चाललाय.