कर्ज बंद करतो म्हणून 21,370 रुपये नेले, कर्ज तसंच चालू

बायांनो, गटाचं कर्ज मुदतीआधी बंद करून देतो म्हणत कुणी घरी आलं, तर त्याच्या हातात एक रुपया ठेवू नका.

मायक्रोफायनान्स कंपनीकडून बायांच्या गटातून घेतलेलं माझं कर्ज 45,000 चं. प्रोसेसिंगचे 531 आणि न मागितलेल्या विम्याचे 1,650 कापून हातात पडले 42,819. महिन्याचा हप्ता 2,380. असे 14 हप्ते वेळेवर भरले, कंपनीच्या वसुलीच्या साहेबाकडे, गटाच्या मीटिंगला सगळ्यांसमोर. मग तोच साहेब म्हणाला, "ताई, तुमचं रेकॉर्ड चांगलंय. जुनं बंद करा, आठवड्यात 80,000 मंजूर करून देतो." मुलीची फी डोक्यावर होती. कानातलं गहाण टाकून 15,000 उभे केले, 6,370 नणंदेकडून आणले.

त्या दिवशी मीटिंगचा वार नव्हता. तो एकटाच आला, नोटा दोनदा मोजल्या आणि माझं लोन कार्ड, ज्यावर हप्त्यांची नोंद असते, ते स्वतःच्या बॅगेत टाकलं. पावती मागितली, तर "सर्व्हर बंद आहे, उद्या कार्डाबरोबरच देतो." तिथंच बॅग धरायला हवी होती! पण गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आजवरची प्रत्येक नोंद बरोबर. संशय कशावरून घ्यायचा? मी पैसे कंपनीला दिले, रस्त्यावरच्या माणसाला नाही.

पुढच्या मीटिंगला नवा माणूस आला आणि यादीत माझा हप्ता थकलेला. गटातल्या चौघींकडून 595-595 घेतल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही. त्या आता माझ्याशी बोलत नाहीत. कार्ड हातातून सोडू नका, कंपनीचा मेसेज मोबाईलवर आल्याशिवाय भरणा झाला असं धरू नका.

शाखेचा मॅनेजर एकच म्हणतो, पावती दाखवा. अहो, पावती देणं तुमच्या माणसाचं काम! पोलिसांनी अर्जही घेतला नाही, "देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा." वकिलाला कुठून देऊ? उलट वसुलीवाले रात्री आठला दारात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडतात. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांत संध्याकाळी 6 नंतर वसुलीचा फोनसुद्धा बसत नाही, शिवीगाळ तर नाहीच. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंडही नाही. पण नियम पाळायला लावणार कोण? तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. 30 दिवसांत कंपनीने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 14448 वर फोन करून लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कसं जायचं ते विचारा.

माझी तक्रार तिथं पडून आहे. आणि तो साहेब दुसऱ्या शाखेत बायांकडून हप्ते गोळा करतोय.